पहिल्या पगाराची अंगठी

"अंगठी काढून ठेवा हो बाबा! टाकी साफ करायला निघालात की लग्नाला?" लेक रोजच्यासारखी करवादली.

"तुझ्या पहिल्या पगाराची आहे, बोटातच राहील," म्हणत बाबांनी चांदी टूथपेस्टने घासून लख्ख केली आणि कारखाना गाठला.

संध्याकाळी शवागारात मॅनेजर हळहळले, "हार्टनं दगा दिला हो."

डॉक्टरांनी बाबांचा हात उचलला. बोटातली अंगठी कोळशासारखी काळी पडली होती.

"ही आधीपासून अशीच?"

"नाही, सकाळी टाकी साफ करायला निघाले तेव्हा लख्ख होती," लेक म्हणाली.

"मग हार्ट म्हणून सोडता येणार नाही. टाकीतल्या विषारी वायूनं चांदी अशी काळवंडते. रक्त तपासायला पाठवतो."

मॅनेजर रुमाल शोधू लागले. ती बाबांच्या कानाशी वाकली.



"बरं झालं बाबा, माझं ऐकलं नाहीत."