ढगाची शिकवणी

तीन वाड्यांनी मिळून एक ढग बनवून घेतला. त्याला सोडण्याआधी सगळ्यांना मान्य अशी तत्त्वं शिकवायची होती, म्हणून तोही चावडीच्या खिडकीतून डोकं आत घालून ऐकत होता.

"पारदर्शकता, सहभाग, शाश्वतता," सरपंचांनी वाचलं. ढगाने चक्क जांभई दिली.

"आधी वरच्या वाडीत पड!" नामा ओरडला.

"का? तुमची वाडी सोन्याची लागून गेली?" खालच्या वाडीतलं कुणीतरी खेकसलं.

भांडण जुंपलं.

"आमचे हे लुळे होऊन अंगणात पडून असतात," इठाकाकू हळूच म्हणाली. "मला एकटीला खाट उचलवत नाही."



"मग याने आधी दोन थेंब टाकून थांबावं," नामाच म्हणाला. "आम्ही खाट पडवीत घेऊ, मग पडू दे."

कुणीच हरकत घेतली नाही.

ढग पहिल्यांदाच बोलला, "काकू, घर कुठलं तुमचं?"