पाण्याला मदत नको

आई पाण्यात उतरली की नुसता धिंगाणा! हात आपटायची, पाय झाडायची आणि धोंड्यासारखी थेट तळाशी. पोहायला शिकवून शिकवून लेक टेकीला आली होती.

पाण्याबाहेरही आईचं तेच. नर्सची ड्युटी संपवून ती चर्चमधल्या आजाऱ्यांना डबे पोचवायची, म्हाताऱ्यांची नखं कापायची आणि तरी धसका घेऊन विचारायची, "देवासमोर उभी राहीन तेव्हा एवढं पुरेल का गं?" तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची देणगी आहे, ती नुसती विश्वासानं घ्यायची, असं चर्चच्या पाळकांनी कितीदा सांगितलं. पण आईला फुकटचं पचायचंच नाही.

त्या दिवशीही पाण्यात लेक म्हणाली, "आई, पाण्याला मदत करू नकोस. त्याचं काम त्याला येतं."

"आणि बुडाले म्हणजे?"

"कमरेएवढ्या पाण्यात? मान मागे टाक आणि विश्वास ठेव."

"तुझ्यावर? झालंच मग!"

"माझ्यावर कशाला? पाण्यावर ठेव."

आईनं डोळे गच्च मिटले आणि हातपाय सैल सोडले. पाण्यानं तिला अलगद वर उचललं.

"अगं, मी काहीच करत नाहीये!" आई कुजबुजली. तिच्या डोळ्यांतून पाणी पाण्यात उतरत होतं.

बराच वेळ ती तशीच पडून राहिली. मग हळूच म्हणाली, "आता हात मारू?"

"का? परत भीती वाटायला लागली?"

"छे गं! भीती गेली, म्हणून तर मारावेसे वाटतायत."