धम्मपाल सरांची आई

“लेकरू इथंच ठेवून घ्या, मॅडम,” शिवराज म्हणाला. “आमच्यानं नाय व्हायचं.”

डॉक्टर सुलेखांनी पाळण्याकडं पाहिलं. मुलगी चार दिवसांची होती. चेहऱ्याची डावी बाजू लहान राहिली होती. डाव्या कानाच्या जागी मांसाचा नुसता उंचवटा होता. पाठीचे काही मणके अर्धेच बनले होते आणि डाव्या हाताला अंगठा नव्हता. हे सगळं एकत्र फार क्वचित येतं, यात कुणाची चूक नाही, मेंदू ठीक दिसतोय, असं त्यांनी पिशोरहून आलेल्या या नवरा-बायकोला तीनदा समजावलं होतं. खाली गाडीत शिवराजचे वडील, तात्या, बसून होते. मुलगी वाचली नाही असं गावात सांगायचं, हे त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

“कागद उद्या करू,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याआधी एका माणसाला भेटा.”

धम्मपाल शाळा सुटल्यावर तसाच आला. हर्सूलच्या एका शाळेत तो गणित शिकवायचा. डॉक्टरांची मुलगी त्याच्याच वर्गात होती. वय एकतीस. डावा गाल आत गेलेला, जबडा तिरका, पाठ एका अंगाला कललेली. डाव्या हाताला चारच बोटं. शिवराजनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

त्याची बायको संस्कृती मात्र बघत राहिली.

“हिचं असंच व्हणार का?”

“बहुतेक. थोडं कमी-जास्त,” डॉक्टर म्हणाल्या.

धम्मपाल खुर्ची ओढून बसला. भोगलेलं त्यानं काही लपवलं नाही. आठ ऑपरेशनं झाली. पाठीला सात वर्षं पट्टा होता. एका कानानं ऐकू येत नाही. शाळेत पोरं नक्कल करायची. लग्न झालेलं नाही.

“लोक बघत असतील,” शिवराज खिडकीकडं बघतच म्हणाला.

“बघतात. मग सवय होते.”

“तुम्हाला?”

“त्यांना.”

संस्कृती हळूच म्हणाली, “ग्रहण व्हतं तवा मी विळीवर भाजी चिरली, दादा. सासूबाई नको म्हणत व्हत्या.”

“माझी आई तर शेतात खुरपत होती. ग्रहण कधी आलं, कधी गेलं, तिला पत्ताही नव्हता.”

‘आई’ म्हटल्याबरोबर संस्कृती पूर्ण वळली. “काय केलं वो त्यांनी? तुम्हाला बघितल्यावर?”

धम्मपालनं उत्तर द्यायला वेळ घेतला. पण एकदा बोलायला लागला तेव्हा अडखळला नाही.

“मला अंगावर पिता यायचं नाही. आई दूध काढून चमच्यानं पाजायची. अर्धी वाटी संपायला तास लागायचा. बसमध्ये कुणी टक लावून बघितलं, तर तिनं माझ्या तोंडावर कधी पदर ओढला नाही. उलट खांद्यावर उंच धरायची मला. म्हणायची, बघा नीट, धम्मपाल नाव आहे याचं.”

“रडल्या नाय का?”

“लई रडली. पण मला घेऊन रडली.”

संस्कृती उठली. टाक्यांमुळं तिला वाकता येईना, तरी तिनं पाळण्यातून मुलगी उचलली. चार दिवसांत पहिल्यांदाच. दुपट्याचं टोक चेहऱ्यावर आलं होतं, ते तिनं बाजूला केलं. मग नर्सकडं बघून म्हणाली, “ताई, वाटी-चमचा द्या.”

“तात्या काय म्हणतील?” शिवराज कसाबसा बोलला.

“त्यांना वर बोलवा. नात बघू द्या.”

शिवराज खाली गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा एकटाच होता. तात्या गाडी घेऊन गावाकडं निघून गेले होते. तो बायकोजवळ उभा राहिला. तिच्या एका हातात मुलगी होती, म्हणून त्यानं वाटी आपल्या हातात घेतली.

डॉक्टर धम्मपालला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“सर, मी चार दिवस बोलतेय, पण त्यांना कळलं ते तुमच्या आईमुळं. मला आईंना एकदा भेटायचंय.”

धम्मपालनं उजव्या हातानं कठडा धरला.

“मलाही, मॅडम,” तो म्हणाला. “मी तीन दिवसांचा असताना ती मला दवाखान्यात ठेवून गेली, ती परत आलीच नाही.”