खंदकातली दुपार

१९७१च्या डिसेंबरात नाशिकच्या मुलींच्या शाळेत हवाई हल्ल्याची तालीम झाली. मुख्याध्यापिका आगाशेबाई गरजल्या, "कानात कापूस कोंबा आणि खंदकात आडव्या व्हा!"

इंदुमतीला बॉम्बपेक्षा दुपारच्या बीजगणिताच्या पेपरची धास्ती होती. नापास झालीस तर माघात उजवून टाकतो, असं वडिलांनी बजावलं होतं.

कापूस तिच्यापर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे धोका टळल्याचा भोंगा फक्त तिलाच ऐकू आला. शेजारच्या प्रमिलाने बोळा काढून विचारलं, "संपलं का गं?"

"गप पड मेले, विमानं डोक्यावर आलीत!"

बाईंसकट शाळा संध्याकाळपर्यंत खंदकात पडून राहिली आणि पेपर आठवडाभर पुढे गेला.

आगाशेबाईंना शिस्तीबद्दल मानपत्र मिळालं. प्रमिलाने विमानदळातला नवरा केला. इंदुमती काठावर पास झाली, वकील झाली आणि वडिलांना जावई तिशीनंतर दाखवला, तोही रजिस्टर लग्न लागल्यावर.