चष्म्यातलं स्वयंपाकघर

"ह्या चष्म्याला सगळ्यांच्या डोक्याच्या तेलाची बू येऊन राहिली आहे," अनुश्री शलाकाच्या कानाशी पुटपुटली. "आणि मॅडम, माझाच नंबर नेहमी आखिरमध्ये."

"सॅनिटायझरनं पूस आणि घाल," शलाका म्हणाली.

नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं. तो जाडजूड काळा व्हीआर चष्मा डोळ्यांवर चढवला की माणूस थेट एका स्मृतिभ्रंश झालेल्या म्हातारीच्या जागी. समोर तिचं स्वयंपाकघर, काम एकच: कपभर चहा करायचा. आत जे दिसेल ते भिंतीवरच्या टीव्हीवर बाकीच्यांनाही दिसे. साखरेचा डबा ठेवल्या जागेवरून नाहीसा होई. दाराशी पसरलेलं पायपुसणं काळ्याभोर खड्ड्यासारखं दिसे. आणि पाठीमागून कुणी बाई अखंड बोलत राही, अर्धं कळे, अर्धं नाही.

रजत त्या बाईला "चुप करो ना, आंटी" म्हणाला. एक मुलगी रडली. अनुश्रीनं तर चहाचं भांडं सापडायच्या आतच चष्मा ओढून काढला आणि मुकाट्यानं जाऊन बसली. शलाकाला हवं होतं ते हेच. उद्या वॉर्डात कुणी आजोबांनी तेच तिसऱ्यांदा विचारलं, तर ही पोरं 'अभी तो बताया' म्हणून खेकसणार नाहीत. एवढं झालं तरी पुष्कळ.

तेवढ्यात कुंदाताई दारात उभ्या राहिल्या. "मला पण दाखव ना गं. सगळं कॉलेज बोलून राहिलंय, काय जादू आहे ती."

शलाकानं चष्मा हातातच धरून ठेवला.

वॉर्डातलं शिक्षण म्हणजे कुंदाताई फणसे, असं ह्या कॉलेजात समीकरणच होतं. शिकवणाऱ्यांपैकी निम्म्यांना सुई धरायला त्यांनीच शिकवलं होतं. शलाका साताऱ्याहून नोकरीला आली तेव्हा इथल्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात तिला खोली बघून दिली तीही ताईंनी, आणि वर पहिला आठवडा घरचा डबा. ह्याच ताई गुरुवारी वॉर्डात एका पेशंटला बीपीची गोळी देऊन गेल्या, आणि जरा वेळानं तीच गोळी घेऊन पुन्हा त्याच्या उशाशी आल्या. शलाकानं ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. तेव्हापासून त्यांच्या मागोमाग ती औषधांचा प्रत्येक ट्रे पुन्हा तपासत होती. स्टाफरूम म्हणत होती, ताई थकल्यात. प्रिन्सिपल म्हणत होते, रिटायरमेंट जवळ आली की होतं असं. आणि सोमवारी ही अख्खी बॅच ताईंच्या हाताखाली मेडिसिन वॉर्डात निघाली होती.

"राहू द्या ताई, चक्कर येते त्यानं."

"जन्मभर नाइट ड्यूट्या केल्या, तेव्हा नाही आली. आता ह्या टोपीनं येईल होय? बांध."

शलाकानं पट्टा बांधला. टीव्हीवर स्वयंपाकघर उजळलं.

"चहापत्ती," ताई मोठ्यानं म्हणाल्या. औषध उचलताना त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं, ही त्यांचीच शिस्त. पोरींनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या.

साखरेचा डबा नाहीसा झाला. इथेच सगळे वैतागले होते. ताई वैतागल्या नाहीत. त्यांनी एक कपाट उघडलं, मग दुसरं, आणि उघडलेली दारं उघडीच ठेवली, कुठं बघून झालं ते कळावं म्हणून. खड्ड्याला वळसा घालून पलीकडे गेल्या. पाठीमागच्या बडबडीला मधूनमधून "हो हो" म्हणत राहिल्या, नव्या नवरीनं सासरच्या गर्दीत म्हणावं तसं. डबा मिळाला. तो परत कुठं जाऊ नये म्हणून डाव्या हातात धरूनच ठेवला. चहा उकळला, कपात ओतला गेला.

इतक्या सराईतपणे आजवर कुणी केला नव्हता. असं शोधायची ताईंना रोजची सवय असावी, हे शलाकाच्या ध्यानात आलं.

"मॅडम तो टॉपर निकलीं," रजत म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

ताईंनी चष्मा काढून केस सारखे केले. "झाला की चहा. पण ते विसरणं कधी सुरू होणार होतं?"

वर्ग खो खो हसला. स्वतः न हसता विनोद करण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. आत्ताही त्या हसत नव्हत्या. फक्त त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती, लोक कशाला हसताहेत ते शोधत. सगळ्यांत आधी अनुश्रीचं हसू थांबलं. गुरुवारी ती वॉर्डात होती.

"जा, कँटीनला जाऊन या सगळे," शलाका म्हणाली.

खुर्च्या सरकल्या, चपला वाजल्या. लॅबमध्ये दोघीच उरल्या. ताई चष्मा उलटसुलट करून बघत होत्या.

"बिघडलंय वाटतं गं तुझं मशीन."

निसटायला ह्याहून सोपी वाट नव्हती. हो म्हणायचं, कंपनीला फोन करते म्हणायचं, आणि सोमवारी पुन्हा ताईंच्या मागून ट्रे तपासत फिरायचं. शलाकानं स्टूल ओढलं आणि ती त्यांच्या समोर बसली.

"ताई, सोमवारी वॉर्डात मी जाते."

"का बरं?"

"मशीन ठीक आहे, ताई," शलाका म्हणाली. "विसरायला तुम्हाला होतंय."