रे, ग आणि बे

आमच्या चर्चच्या घंटीमंडळात प्रत्येकाच्या हाती एक घंटी, एक सूर. यंदा सूर मी वाटले: श्रेयसला 'रे', वनमालाकाकूंना 'ग'. मी सूर पुकारला, की ज्याचा त्याने वाजवायचा. शेवटच्या सरावाला पाळकसाहेब आले. "रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यावरचा पहिला नाताळ! चुकलात तर घंट्यांऐवजी टेप!" पियुषने आपली घंटी वाजवायची घाई केली. "थांब रे!" मी ओरडले. टण्ण! श्रेयसने वाजवली. "तू काहून वाजवून राहिला?" "दीदी, आपने 'रे' बोला!" क्षमा खिदळली. "हसू नको गं!" टण्ण! वनमालाकाकूंनी इमानदारीने वाजवली. साहेबांनी टेप उचलला. "आतापासून हाक मारताना रे नाही, गं नाही!" मी जाहीर केलं. "सगळ्यांना बे!" मग "हळू बे पियुष!", "काकू, जोरात बे!" करत गाणं बिनचूक पार पडलं. साहेब लालबुंद झाले. "देवाच्या घरात ही भाषा? नाताळात हळू म्हण बे!"