भिंतीतली हाक

दुपारी भिंतीतून पत्रा वाजला आणि रशिदाबीची हाक आली, "नागरबाई, पाणी आलं गं!" नागरबाईंनी सवयीनं घागर उचलली.

वस्तीच्या जागी इमारत झाली, तेव्हा जमीन महापालिकेनं दिली, बोलक्या भिंती एका कंपनीनं दिल्या. त्या भिंतींसाठी जुन्या गल्लीतले आवाज एका संस्थेच्या पोरींनी पाडापाडीआधी घरोघर फिरून टिपले होते, लोकांना नव्या घरात करमावं म्हणून. आता स्वयंपाकघरात दिवसभर पाणी होतं, तरी हाक आली की हात घागरीकडे जायचा.

आज तर त्या लिफ्टनं खालीही आल्या. जुन्या नळाच्या जागी आता सोफा होता. स्वतःच्या येडेपणाला हसून त्या वळणार, तोच समोर रशिदाबी दिसली. सातव्या मजल्यावर राहायची, पण वर्षभरात भेट नव्हती. तिच्याही हातात रिकामी कळशी होती.

"तुला गं कुणी हाक मारली?" नागरबाईंनी विचारलं.

"तूच की! माझ्या भिंतीतून."

दोघी सोफ्यावर टेकल्या. हळूहळू आणखी बायका बादल्या घेऊन उतरल्या. भांडी आपोआप रांगेत लागली.

"आज नळाला उशीर झाला," रशिदाबी म्हणाली.

"होऊ दे की," नागरबाई म्हणाल्या. "घरी जाऊन तरी भिंतच ऐकायची ना!"